‘साठी बुद्धी नाठी’ : एका म्हणीची तपासणी



वैशाखातले ऊन दिवसभर सोसून आणि रात्रीचे जेवण तासभर पुढे ढकलून आपण व्याख्यान ऐकावयास आला आहात, ही आपल्या गावाची थोरवी आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू केली. ती परंपरा आपल्या मराठवाड्यापर्यंत आली, आणि आता तर तिच्या व्यासपीठावर माझ्यासारखा मनुष्यही बसू लागला आहे. मी डॉक्टर नाही, प्राध्यापक नाही. सातवीनंतर माझी शाळा सुटली. पुढले शिक्षण मोंढ्यात पोत्यांच्या थप्पीवर बसून आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. तीस वर्षे हमाल आणि जिनिंगमधले कामगार यांच्या संघटनेचे काम केले. तेव्हा मेंदूसारख्या विषयावर मी का बोलावे, हे प्रथम सांगितले पाहिजे.

आमच्या संघटनेत एक वयस्क मुकादम होते. लहानथोर सारे त्यांना मामा म्हणत. कोणत्या आडतीवर किती पोती उतरली, कोणाची किती वाराई राहिली, हे ते वही न उघडता सांगत. वही आम्ही त्यांच्या बोलण्यावरून दुरुस्त करीत असू. एका वर्षी दिवाळीच्या तोंडावर संघटनेचा हिशेब जुळेना. वर्गणीची रक्कम मामांकडे होती. भर सभेत मी विचारले, “मामा, पैसे गेले कुठं?” ते काही बोलले नाहीत. टोपी काढून मांडीवर ठेवली आणि बोटांवर तोच आकडा पुन्हा पुन्हा मोजीत राहिले. मी त्या मुकेपणाचा अर्थ गुन्हा असा घेतला. त्यांची मुकादमकी काढून घेण्याचा ठराव मीच मांडला, आणि तो मंजूर झाला.

दीड वर्षाने मामी माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, “भाऊ, ह्यांना मोंढ्यातून घरचा रस्ता सापडंना. काल मलाच विचारलं, तुम्ही कुणाच्या?” डॉक्टरांनी तपासले आणि स्मृतिभ्रंश असे नाव सांगितले. पुढे कणगीतली ज्वारी काढताना तळाशी फडक्यात बांधलेले पैसे सापडले. एक रुपयाही कमी नव्हता. मी क्षमा मागावयास गेलो, तेव्हा मामांनी मला ओळखले नाही. ज्याची क्षमा मागावयाची तोच माणूस उरलेला नसावा, ही शिक्षा मोठी असते. त्या दिवसापासून ह्या विषयावर जे हाती लागेल ते मी वाचीत आलो, आणि आता मी स्वतःच साठीच्या उंबरठ्यावर आहे. आज त्या वाचनाचा हिशेब आपल्यापुढे ठेवतो.

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असे आपण अभिमानाने म्हणतो. तेव्हा जर्मनीपासूनच सुरुवात करू. १९०६ साली ट्युबिंगेन येथे अलॉइस अल्झायमर नावाच्या डॉक्टरांनी एका बाईची हकीकत वैद्यांच्या सभेत सांगितली. १९०१ मध्ये ती फ्रँकफुर्टच्या रुग्णालयात आली, तेव्हा तिचे वय अवघे ५१ होते. तिला स्वतःचे नावही नीट लिहिता येईना. तिच्या मृत्यूनंतर डॉक्टरांनी मेंदूचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. मेंदू आक्रसला होता. पेशींच्या बाहेर एका द्रव्याचे डाग साचले होते आणि पेशींच्या आत धाग्यांचा गुंता झाला होता. ही बाई साठीचीही नव्हती. म्हणजे हे केवळ म्हातारपण नव्हे, हा आजार आहे, ही गोष्ट तेथे स्पष्ट झाली.

हा फरक आपण नीट ध्यानात घेतला पाहिजे. वय वाढले की मेंदू थोडा मंदावतो. नाव चटकन आठवत नाही, नवी गोष्ट शिकावयास वेळ लागतो. परंतु शब्दसंपत्ती, व्यवहारज्ञान, माणसाची पारख ह्या गोष्टी पुष्कळ वर्षे टिकतात. भाचीच्या लग्नाची तारीख विसरणे वेगळे, आणि भाचीलाच न ओळखणे वेगळे. पहिले वय आहे, दुसरे दुखणे आहे. आपल्या देशात मोठी पाहणी होऊन २०२३ साली जे आकडे प्रसिद्ध झाले, त्यांप्रमाणे साठी ओलांडलेल्यांपैकी सुमारे ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश आहे; म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत हे प्रमाण अधिक दिसले. तेरा-चौदांत एक, असा हा हिशेब आहे. मग ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण काय करते? बारा-तेरा शहाण्या माणसांवर ती विनाकारण शिक्का मारते. आणि ज्या एकाला खरोखर वैद्याची गरज आहे, त्याला ‘वयच झालं’ म्हणून घरात बसविते.

आता मेंदूच्या कारखान्यात जाऊन पाहू. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के. परंतु विसावा घेत असताना शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के हा एकटा मेंदू खातो. जेथे भट्टी मोठी तेथे ठिणग्याही अधिक. पेशीत प्राणवायूवर अन्न जळते, तेव्हा काही अर्धवट, चंचल कण सुटतात. शास्त्रात त्यांना मुक्त मूलके म्हणतात; मी त्यांना मोकाट कण म्हणतो. मोकाट बैल जसा दिसेल त्या शेतात तोंड घालतो, तसे हे कण जवळच्या कोणत्याही द्रव्याला धडकतात. मेंदूत स्निग्ध पदार्थ फार, आणि करडईचे तेल उघडे ठेवले तर खवट होते, तसे ह्या स्निग्ध पदार्थांचेही होते. अशी झीज साचत जाऊन वार्धक्य येते, असा सिद्धांत डेनहॅम हार्मन ह्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९५६ साली मांडला.

ह्या कणांना आवरणारी जी द्रव्ये, त्यांना अँटिऑक्सिडंट म्हणतात. चिरलेले सफरचंद हवेत काळवंडते. त्यावर लिंबू पिळले तर ते उशिरा काळवंडते. लिंबातील आंबटपणाबरोबर त्यातले क जीवनसत्त्वही हे काम करते. ई जीवनसत्त्व, गाजरातले केशरी द्रव्य, जांभळाचा निळा-जांभळा रंग, हळदीचा पिवळेपणा, पालेभाजीतील कितीतरी द्रव्ये ह्याच कुळातली. वनस्पतींना ती का लागतात? झाड उन्हापासून पळू शकत नाही, किडीपासून पळू शकत नाही. म्हणून ते जागच्या जागी उभे राहून आपले संरक्षण आपणच तयार करते.

येथवर ऐकून कोणालाही वाटेल की, प्रश्न सुटला; ह्या द्रव्यांच्या गोळ्या कराव्यात आणि रोज एक गिळावी. जगातील शास्त्रज्ञांनाही असेच वाटले. परंतु त्यांचा मोठेपणा असा की, त्यांनी वाटण्यावर न थांबता तपासून पाहिले. ज्यांची स्मरणशक्ती नुकतीच कमी होऊ लागली होती अशा ७६९ लोकांवर तीन वर्षे प्रयोग करून २००५ साली निष्कर्ष आला : ई जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी अल्झायमरकडे जाणारी वाट अडली नाही. २०१७ साली ७,५४० वयस्क पुरुषांवरील प्रयोगाचे फळ जाहीर झाले. ई जीवनसत्त्व आणि सेलेनियम ह्या दोहोंनीही स्मृतिभ्रंश टळला नाही. फिनलंडमधील प्रयोग तर डोळे उघडणारा आहे. २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांपैकी ज्यांना गाजरातल्या त्या केशरी द्रव्याच्या, म्हणजे बीटा कॅरोटीनच्या, गोळ्या दिल्या, त्यांच्यात फुप्फुसाचा कर्करोग घटण्याऐवजी सुमारे १८ टक्क्यांनी वाढला. हे १९९४ साली प्रसिद्ध झाले.

मामांच्या दुखण्यात मामींनीही अशा गोळ्यांची एक डबी आणली होती. कोणी तरी त्यांना सांगितले की, हिने गेलेली स्मृती परत येते. तिच्यासाठी आठवड्याची मजुरी गेली. कष्टकऱ्याच्या घरात आठवड्याची मजुरी म्हणजे काय, हे मी आपणांस सांगावयास नको. जाहिरातीत ‘अँटिऑक्सिडंट’ हा शब्द मोठ्या अक्षरांत दिसला, म्हणजे ह्या तीन प्रयोगांची आठवण ठेवावी, एवढेच माझे मागणे आहे.

मग गोळी फसते आणि भाजी मानवते, असे का व्हावे? ह्याचे उत्तर व्यायामात सापडते, म्हणून आता तिकडे वळतो.

१९५३ साली जेरी मॉरिस ह्या इंग्रज डॉक्टरांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील कामगारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकाच गाडीवर दोन माणसे, पगार जवळपास सारखा, गाव तेच. ड्रायव्हर दिवसभर बसून असे. कंडक्टर दिवसभर जिना चढ-उतर करी. हृदयविकार कंडक्टरांत कमी निघाला. शरीराची हालचाल आणि हृदयाचे आरोग्य यांची सांगड घालणारा हा अभ्यास आजही मानला जातो. पण मॉरिस ह्यांची खरी थोरवी पुढेच आहे. तीन वर्षांनी त्यांनी ह्याच कामगारांच्या गणवेशांची मापे तपासली, आणि ड्रायव्हरांच्या कमरेचा घेर नोकरीला लागतानाच अधिक होता असे स्वतःच जाहीर केले. म्हणजे सारेच श्रेय जिन्याचे नव्हते! आपल्याच निष्कर्षाला स्वतः टाचणी लावून पाहणारा असा माणूस संघटनेच्या कामातही असावा, असे मला वाटते. तो त्या दिवाळीच्या सभेत असता, तर मामांवर ठराव झाला नसता.

हृदयाचे जे हित तेच पुष्कळ अंशी मेंदूचे हित, कारण मेंदूला रक्त पुरविणाऱ्या नळ्या त्याच. नियमित चालण्याने रक्तवाहिन्या लवचीक राहतात, रक्तदाब उतरतो, स्नायू रक्तातील साखर ओढून घेतात. ह्याशिवाय आणखी एक गोष्ट घडते. मेंदूत, कानाच्या आतल्या बाजूस, दोन्हीकडे एकेक लहान भाग असतो. त्याचा आकार समुद्रघोड्यासारखा, म्हणून त्याला हिप्पोकॅम्पस म्हणतात. नवी आठवण प्रथम तेथे नोंदली जाते आणि रस्त्यांची ओळखही तेथेच राहते. मामांना घरचा रस्ता सापडेना, तो येथे बिघाड झाल्यामुळे. १९९९ साली अमेरिकेतील सॉल्क संस्थेत दिसून आले की, चाकावर धावणाऱ्या उंदरांच्या ह्या भागात नव्या मज्जापेशी अधिक जगतात. स्नायू हलले की मेंदूत पेशींना पोसणारे एक प्रथिन वाढते. पिकाला जसे खत, तसे ते पेशींना.

उंदरावरून माणसावर एकदम उडी मारू नये. म्हणून माणसांवरील प्रयोग पाहू. २०११ साली कर्क एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५५ ते ८० वयाच्या १२० लोकांचे दोन गट केले. एका गटाने आठवड्यातून तीन दिवस, ४० मिनिटे, झपाझप चालावे. दुसऱ्याने केवळ अंग ताणण्याचे हलके व्यायाम करावेत. वर्षाने मेंदूची छायाचित्रे घेतली. चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस सुमारे २ टक्क्यांनी वाढला होता. दुसऱ्या गटाचा सुमारे १.४ टक्क्यांनी घटला होता. पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २०१५ साली ७० ते ८९ वयाच्या १,६३५ बैठ्या लोकांवरील दोन वर्षांच्या प्रयोगात, व्यायाम करणारे आणि केवळ आरोग्याची व्याख्याने ऐकणारे ह्यांच्या बुद्धीत एकंदरीने फरक पडला नाही. व्याख्याने ऐकणाऱ्यांनी ह्यावरून फार आनंदून जाऊ नये! मी त्याचा अर्थ इतकाच घेतो की, सत्तरीनंतर सुरू केलेल्या दोन वर्षांच्या व्यायामाकडून चमत्काराची अपेक्षा करू नये. आरंभ चाळिशीत, पन्नाशीत करावा. इंग्लंडकडील ७८,४३० लोकांच्या मनगटावर पावले मोजणारे यंत्र बांधून केलेल्या २०२२ सालच्या अभ्यासात, रोज ३,८०० पावले चालणाऱ्यांतही स्मृतिभ्रंश सुमारे २५ टक्क्यांनी कमी आढळला. हा केवळ निरीक्षणाचा आकडा आहे. परंतु ३,८०० पावले म्हणजे अर्धापाऊण तासाचे चालणे, आणि त्याला पैसा लागत नाही.

आता गोळी का फसते ते पाहा. व्यायाम करताना प्राणवायू अधिक जळतो, म्हणजे मोकाट कणही अधिक सुटतात. मग व्यायामाने अपाय व्हावयास हवा! तसे होत नाही, कारण ते थोडे कण शरीराला धोक्याची सूचना देतात. सूचना मिळताच पेशी आपले संरक्षक द्रव्य आपणच तयार करू लागते. पेशीजवळ असे स्वतःचे रखवालदार आहेत. त्यांपैकी एक महत्त्वाचा १९६९ साली ओळखला गेला. २००९ साली जर्मनीत झालेल्या एका प्रयोगात काही तरुणांनी चार आठवडे व्यायाम केला. अर्ध्यांना क आणि ई जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रा दिल्या, अर्ध्यांना नाही. गोळ्या न घेणाऱ्यांचे शरीर साखर अधिक चांगली वापरू लागले. गोळ्या घेणाऱ्यांत तो लाभ दिसला नाही. गोळीने सूचनेची घंटाच बंद पाडली होती. भाजीचे तसे नसते. पालेभाजीतून पोटात जाणारी ही द्रव्ये रक्तात थोडीच उतरतात. मोकाट कण पुसून काढण्याइतकी ती नसतात. ती बहुधा थोडीशी खोडी काढून शरीराच्या रखवालदाराला जागे करतात, असे आता मानले जाते. भाजीबरोबर तंतू, क्षार, पाणी येते, आणि तेलकट-गोड खाण्याची जागा ती अडविते. व्यायाम आणि भाजी ह्या दोहोंची वाट अशी एकच आहे : थोडा ताण द्यावयाचा, आणि मग शरीराला सावरू द्यावयाचे.

येथे मोंढ्यातला माझा मित्र उभा राहून विचारील, “साहेब, आम्ही तर दिवसभर पोती वाहतो. मग आमचा मेंदू सगळ्यांत चांगला पाहिजे!” प्रश्न अगदी रास्त आहे, आणि आजच्या व्याख्यानात सर्वांत महत्त्वाचाही तोच आहे. मामांनी जन्मभर ओझे वाहिले होते. नॉर्वेमध्ये सत्तरी गाठलेल्या ७,००० वर लोकांच्या नोकरीचा इतिहास पाहिला, तेव्हा ज्यांचे आयुष्य अंगमेहनतीच्या कामात गेले त्यांच्यात स्मृतिभ्रंशाचे प्रमाण कमी नव्हे, उलट अधिक दिसले. हे २०२३ साली प्रसिद्ध झाले. अंगमेहनत आणि व्यायाम ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फिरावयास जाणारा मनुष्य दमला की बसतो. हमाल दमला तरी ट्रक थांबत नाही. ओझे उचलताना रक्तदाब एकदम चढतो, आणि दिवसभर पुन्हा पुन्हा चढतच राहतो. ताण आहे, पण सावरावयास वेळ नाही. त्यात शाळा लवकर सुटलेली, तंबाखू जवळची आणि डॉक्टर लांबचा. दोष श्रमाचा नव्हे, विसाव्याच्या अभावाचा आहे.

म्हणून विसाव्याची मागणी ही चैनीची मागणी नव्हे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी रविवारची सुटी मागितली आणि १८९० साली ती मिळाली. १९६७ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने एका माणसाने उचलावयाच्या ओझ्याविषयी करार केला. त्याबरोबरच्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोची मर्यादा सुचविली आहे. १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. हे सारे आपण पाठीचा कणा वाचविण्यासाठी केले असे समजत होतो. आता कळते की, ते मेंदू वाचविण्यासाठीही होते. शंभर किलोचे पोते पन्नासावर आणण्यासाठी जी भांडणे झाली, त्यांत मीही होतो. पण आपण नेमके कशासाठी भांडतो आहोत, हे मला त्या वेळी पुरते ठाऊक नव्हते.

आता ताटाकडे वळू. शिकागो येथील ९६० वृद्धांच्या २०१८ सालच्या अभ्यासात, रोज एक वाटीच्या आसपास पालेभाजी खाणाऱ्यांची बुद्धी न खाणाऱ्यांपेक्षा इतकी सावकाश उतरली की, जणू ते ११ वर्षांनी तरुण होते. पुन्हा सांगतो, हे निरीक्षण आहे. भाजी खाणारे इतर बाबतींतही जपून वागत असतील. २०२३ साली ६०४ लोकांवर तीन वर्षे आहाराचा रीतसर प्रयोग केला, तेव्हा विशिष्ट आहार घेणारे आणि केवळ थोडे कमी खाणारे ह्या दोन्ही गटांत फारसा फरक निघाला नाही. तेव्हा अमुक एक भाजी म्हणजे संजीवनी, असे मी म्हणणार नाही. पालेभाजी रोज असावी, एवढे मात्र निःशंकपणे म्हणेन.

त्यासाठी परदेशी फळांच्या मागे लागण्याचे कारण नाही. अमेरिकेत १९९९ साली म्हाताऱ्या उंदरांना ब्लूबेरी, स्ट्रॉबेरी आणि पालक खाऊ घालून त्यांची चपळाई सुधारल्याचे दिसले, तेव्हापासून ब्लूबेरीचे नाव झाले. तिच्यातील निळ्या रंगाच्या कुळातलाच रंग आपल्या जांभळात आहे. मृगाच्या तोंडावर ते बाजारात येते आणि पोरांच्या जिभेवर आपली सही ठेवून जाते. करडईची कोवळी भाजी, अंबाडी, तांदुळजा, चाकवत, घोळ, शेवग्याचा पाला, आवळा, जवसाची आणि कारळाची चटणी, हे सारे आपल्या आईच्या हातचे आहे. आणि ज्वारी! आपल्या परभणीत १९७२ साली कृषी विद्यापीठ स्थापन झाले. तेथून २०१८ साली ‘परभणी शक्ती’ हे ज्वारीचे वाण आले, त्यात लोह आणि जस्त नेहमीच्या ज्वारीहून अधिक आहे. रक्तात लोह कमी तर प्राणवायू कमी, आणि प्राणवायूवाचून मेंदूची भट्टी कशी पेटावी? डॉ. बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीने पुण्यात ‘कष्टाची भाकर’ सुरू केली, ती कष्टकऱ्याला स्वस्तात पोटभर जेवण मिळावे म्हणून. भाकरी-भाजीची ही गरिबाची थाळी शास्त्राच्या कसोटीलाही उतरते, ह्याचा मला आनंद होतो.

हळदीविषयी दोन शब्द बोललेच पाहिजेत. वसमत १९९९ पर्यंत आपल्याच जिल्ह्यात होते. हिंगोली जिल्हा झाला तेव्हा ते तिकडे गेले, पण तिथली हळद अजून आपल्या घरात आहे. १९९५ साली अमेरिकेत जखमेवर हळद लावण्याचेच पेटंट दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली आपल्या वैज्ञानिक संशोधन परिषदेने आजीबाईच्या बटव्याचे पुरावे पुढे ठेवून ते १९९७ साली रद्द करविले. तो अभिमान योग्यच आहे. परंतु अभिमान निराळा आणि औषध निराळे. हळदीतील पिवळे द्रव्य काचेच्या नळीत मेंदूतील डागांवर परिणाम करते. पोटातून मात्र ते रक्तात फारच थोडे उतरते. अल्झायमरच्या रोग्यांवर २४ आठवडे केलेल्या एका लहान प्रयोगात गुण आला नाही, असे २०१२ साली प्रसिद्ध झाले. हळद भाजीत असू द्या. तिच्या महाग कुप्या विकत घेऊ नका.

मग सारांश काय? एका उपायाने भागत नाही, हाच सारांश. फिनलंडमध्ये १,२६० लोकांवर दोन वर्षे आहार, व्यायाम, बुद्धीचा सराव आणि रक्तदाब-साखरेची देखरेख असे सर्व उपाय एकत्र केले. त्यांच्या बुद्धीच्या चाचण्यांत इतरांहून अधिक सुधारणा दिसली. हे २०१५ साली जाहीर झाले. २०२४ साली तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय मंडळाने स्मृतिभ्रंशाची १४ टाळता येण्याजोगी कारणे मोजली. अपुरे शिक्षण, बहिरेपण, रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, दारू, बैठेपण, एकटेपण ही त्यांतलीच. ह्या सर्वांना आवर घातला तर सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू शकेल किंवा लांबू शकेल, असा त्यांचा अंदाज आहे. उरलेले ५५ टक्के आपल्या हाती नाही, हेही विसरू नये. ज्याला हा आजार झाला त्याने काही पाप केले, असे म्हणू नये.

तेव्हा उद्यापासून काय करावे, ते साध्या शब्दांत सांगतो. आठवड्यातून किमान दीडशे मिनिटे, बोलता येईल पण गाता येणार नाही, इतक्या वेगाने चालावे. परभणीच्या उन्हाळ्यात ते पहाटेच करावे. चालताना सोबती घ्यावा. पाय आणि गप्पा दोन्ही चालतात. रोज एक पालेभाजी, एखादे फळ आणि जमेल तेवढी भाकरी खावी. तंबाखू-गुटखा सोडावा. चाळिशीनंतर वर्षातून एकदा तरी रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी. रक्तदाब नेटाने खाली ठेवला तर स्मरणशक्तीच्या सुरुवातीच्या बिघाडाचे प्रमाण १९ टक्क्यांनी घटले, असा २०१९ सालचा दाखला आहे. ऐकू कमी येत असेल तर लाज न धरता श्रवणयंत्र वापरावे. झोप पुरी घ्यावी. आणि वाचावे, डोळ्यांनी होत नसेल तर दुसऱ्याकडून वाचून घ्यावे.

आणि एक गोष्ट घरोघरी, तशीच प्रत्येक संस्थेत पाळावी. वर्षानुवर्षे चोख वागलेला मनुष्य एकाएकी हिशेबात चुकू लागला, तेच ते विचारू लागला, वस्तू भलत्या ठिकाणी ठेवू लागला, तर त्याच्यावर ठराव आणण्यापूर्वी त्याला वैद्याकडे न्यावे. थायरॉइड, ब जीवनसत्त्वाची उणीव, मनाची उदासीनता ह्यांनीही असे होते, आणि ते उपचाराने सुधारू शकते. खरा स्मृतिभ्रंश असला तर तो पुरता बरा करणारे औषध आज नाही. पण मान देता येतो, हात धरून घरी पोचविता येते.

मामा त्यानंतर चार वर्षे होते. संध्याकाळी मी त्यांना मोंढ्यापर्यंत फिरावयास नेत असे. त्या चालण्याने त्यांचा आजार हटला नाही. त्याला उशीर झाला होता. पण थप्पीजवळून जाताना ते थांबत, बोट करून पोती मोजत आणि मला म्हणत, “लिहून घ्या, भाऊ.” मी खिशातून वही काढून लिहून घेत असे. आकडा दर वेळी निराळा येई. त्यांच्या मुकादमकीचा ठराव आम्ही पुढे रीतसर रद्द केला, आणि ती नोंद संघटनेच्या दप्तरात आहे. आपण घरी जाताना, जमल्यास, चालत जावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.